तुम्ही विचारलंत म्हणून: इतिहास शिकायचाय, तर कॉलेजं कुठली निवडायची?

गणपतीच्या आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत, मराठी शाळेच्या पार्किंगमध्ये, कधी रात्री साडेदहाला व्हॉट्सअ‍ॅपवर. प्रश्न तोच असतो. "तुमच्या लेकीनं हिस्टरी आणि लॅटिन घेतलंय ना? आमचीही तसंच म्हणतेय. कॉलेजांची यादी कशी केलीत? आणि परवडतं कसं?" पहिलं वाक्य जरा हळू आवाजात येतं, घरात कुणी आजारी असल्यासारखं. मार्क कमी पडले की आर्ट्सला जायचं, ही समजूत आपण न्यू जर्सीत वीस-वीस वर्षं राहिलो तरी बॅगेच्या तळाशी तशीच पडून असते.

माझी पहिली यादी साफ चुकली होती, तिथूनच सुरुवात करते.

आम्ही दोघंही इंजिनिअर. लेक अकरावीत असताना मी एक्सेल उघडलं, रँकिंगमधली वरची नावं उतरवली आणि दर शंभरात किती मुलांना घेतात ते बघून रीच (मिळणं कठीण), मॅच (मिळण्यासारखं), सेफ्टी (हमखास मिळणारं) अशी वाटणी केली. आठ रीच, तीन मॅच आणि तळाला रटगर्स, आमच्या न्यू जर्सीची सरकारी युनिव्हर्सिटी, पाहुणे जास्त झाले तर काढायच्या घडीच्या खुर्चीसारखं. पैशाचा रकानाच नव्हता. "आधी मिळू तर दे, मग बघू," असं मी नवऱ्याला म्हणाले होते. पण बहुतेक निकाल मार्चअखेर लागतात आणि १ मेपर्यंत होकार कळवून डिपॉझिट भरायचं असतं. त्या जेमतेम महिन्याभरात सतरा वर्षांच्या मुलीला "मिळालं खरं, पण तिथे जायचं नाही" हे सांगायची वेळ येते. आमच्या एका स्नेह्यांकडे ती आलेली मी पाहिली, आणि घरी येऊन यादी पुसली.

दुसऱ्यांदा यादी खालून वर बांधली. त्याआधी आम्ही दोघं एका शनिवारी कागद घेऊन बसलो आणि वर्षाला किती देऊ शकतो तो आकडा काढला. साठवलेले किती, पगारातून किती निघतील, धाकट्यासाठी किती राखायचे. मग तो आकडा लेकीला सांगितला. मुलांसमोर पैशाचं बोलायचं नाही अशा घरात मी वाढलेली, त्यामुळे मलाच ते जड गेलं. तिचं म्हणणं एवढंच, "हे आधी का नाही सांगितलंस? मी चार महिने कॅम्पसचे व्हिडिओ बघतेय."

कर्जाचंही तेव्हाच बोललो. विद्यार्थ्याला स्वतःच्या नावावर मिळणारं सरकारी कर्ज पहिल्या वर्षी ५,५००, दुसऱ्या वर्षी ६,५०० आणि पुढची दोन वर्षं ७,५०० डॉलर, म्हणजे चार वर्षांत २७,००० डॉलर इतकंच असतं. इतिहास शिकणाऱ्या मुलीनं याच्या पलीकडे एक डॉलरही उचलू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आईवडिलांच्या नावावरचं सरकारी कर्ज वेगळं. त्यालाही जुलै २०२६ पासून एका मुलामागे वर्षाला २०,००० आणि एकूण ६५,००० डॉलरची मर्यादा घातली आहे. 'बाकीचं लोन काढू' हे पूर्वीसारखं सहज म्हणता येणार नाही.

आता किमतीचं. काही खासगी कॉलेजांचा राहण्याखाण्यासकट वर्षाचा खर्च ९०,००० डॉलरच्या वर गेलाय. पण हा छापील आकडा बघून नाव खोडू नका. प्रत्येक कॉलेजच्या वेबसाइटवर नेट प्राइस कॅल्क्युलेटर असतो, तो ठेवणं २०११ पासून बंधनकारक आहे. उत्पन्न, बचत, घर यांची माहिती भरली की तुमच्यासाठी अंदाजे किंमत किती ते कळतं. स्वतःचा धंदा किंवा भाड्यानं दिलेली जागा असेल तर अंदाज चुकू शकतो. आणि हो, पुण्यातला फ्लॅट. "तो इथे कशाला दाखवायचा?" असं मला निदान सहा जणांनी विचारलंय. दाखवायचा. राहतं घर फॅफ्सा, म्हणजे सरकारी आर्थिक मदतीचा अर्ज, धरत नाही, पण दुसरी मालमत्ता, मग ती कुठल्याही देशातली असो, धरते. आईवडिलांच्या मालमत्तेतला वर्षाला जास्तीत जास्त ५.६४ टक्के भाग तुम्ही फीसाठी देऊ शकता असं ते गणित मानतं. बरीच खासगी कॉलेजं सीएसएस प्रोफाइल हा आणखी एक आर्थिक माहितीचा अर्ज मागतात, त्यातली अनेक राहत्या घराचीही किंमत धरतात.

दोघं कमावणाऱ्या घरांची खरी अडचण इथेच आहे. फॉर्म्युल्याच्या मते तुम्ही वर्षाला साठ हजार सहज देऊ शकता, खिशाच्या मते नाही. यातून दोन वाटा निघतात, आणि त्या एकमेकींत मिसळल्या की यादी बिघडते. पहिली वाट अतिश्रीमंत कॉलेजांची. २०२५-२६ पासून हार्वर्डनं २ लाख डॉलरपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांना ट्यूशन (शिकवण्याची फी) माफ केली, प्रिन्स्टननं अडीच लाखांपर्यंतच्या बहुतेक घरांना. पण हे सगळं गरज पाहून. हुशारीसाठी वेगळी स्कॉलरशिप ही कॉलेजं देत नाहीत, आणि तिथला प्रवेश कुणाच्याच हातात नसतो. दुसरी वाट मेरिटची, म्हणजे गरज न बघता हुशारीसाठी मिळणाऱ्या स्कॉलरशिपची. ती आपल्या प्रसादाच्या रांगेत कुणी न ऐकलेल्या कॉलेजांतून जाते: आयोवातलं ग्रिनेल, ओहायोतली केन्यन, ओबर्लिन आणि वूस्टर, मॅसॅच्युसेट्समधलं माउंट होल्योक. वूस्टरमध्ये प्रत्येक विद्यार्थ्याला शेवटच्या वर्षी प्राध्यापकाच्या हाताखाली स्वतंत्र संशोधन करावंच लागतं. आम्ही दोघं चार-चार वर्षं शिकलो, आम्हाला असं कुणी करायला लावलं नाही.

काही पैसा तर खास अशाच मुलांसाठी असतो. होली क्रॉस हे कॉलेजही वुस्टरमध्येच, पण मॅसॅच्युसेट्सच्या वुस्टरमध्ये (ओहायोतलं वूस्टर निराळं, उच्चारात मी अजून गडबडते). तिथे लॅटिन-ग्रीक शिकणाऱ्यांसाठी पूर्ण ट्यूशनची बीन स्कॉलरशिप आहे. कोडिंगच्या स्पर्धांमागे धावणाऱ्या आपल्या लोकांना हे माहीतच नसतं, कारण विचारतं कोण!

कोण किती मेरिट देतं हे शोधायला 'कॉमन डेटा सेट' नावाचा कंटाळवाणा दस्तऐवज आहे. कॉलेजचं नाव आणि हे शब्द टाकून शोधा. त्यात एच२ए या भागात गरज नसलेल्या किती मुलांना मेरिट मिळालं आणि सरासरी किती, ते दिलेलं असतं. तिथे शून्य दिसलं तर उगाच आशा धरायला नको. मेरिटमध्ये एक मेख असते: रक्कम बहुतेक वेळा चार वर्षं तीच राहते, फी वाढत जाते. ८०,००० च्या कॉलेजनं ३०,००० दिले तर पहिल्या वर्षी तुमचे ५०,०००. फी वर्षाला ४ टक्क्यांनी वाढली तर चौथ्या वर्षी तुमचे ६०,०००. एक्सेलमध्ये चार वर्षांचे चार रकाने करा.

त्याच दस्तऐवजात 'जे' (J) नावाचा भाग आहे, कुठल्या विषयात किती पदव्या दिल्या त्याचा. तो मी आधी ओलांडून जात होते. मग २०२३ मध्ये वेस्ट व्हर्जिनिया युनिव्हर्सिटीनं २८ मेजर (पदवीचे मुख्य विषय) बंद केले आणि परदेशी भाषांचा विभाग जवळजवळ मोडीत काढला, ते वाचलं. त्याआधी २०२१ मध्ये हॉवर्ड युनिव्हर्सिटीनं क्लासिक्सचा, म्हणजे लॅटिन-ग्रीकचा, स्वतंत्र विभाग विसर्जित केला होता. इंजिनिअरिंगला जाणाऱ्या मुलाच्या आईला विभाग चार वर्षं टिकेल का, ही चिंता नसते. आपल्याला असते. म्हणून वेबसाइटवरचे झाडाखाली पुस्तक वाचणाऱ्या मुलांचे फोटो सोडा, चालू सेमिस्टरचं टाइमटेबल उघडा. लॅटिनचे वरच्या पातळीचे वर्ग या सेमिस्टरला खरोखर आहेत का? शिकवणारे कायम नोकरीतले किती आणि तासावरचे किती? लेकीनं हे स्वतः केलं आणि एका नावाजलेल्या कॉलेजवर काट मारली. तिथल्या कॅटलॉगमध्ये बावीस कोर्स होते, टाइमटेबलात तीन.

विभाग लहान पण शेजार मोठा, असंही चालतं. माउंट होल्योकची मुलगी अ‍ॅम्हर्स्ट, स्मिथ किंवा यूमास अ‍ॅम्हर्स्टमध्ये जाऊन कोर्स करू शकते. ब्रिन मॉर, हॅवरफर्ड आणि स्वॉर्थमोर यांचंही तसंच आहे.

याच शोधात ती घडीची खुर्ची नीट बघितली गेली. रटगर्सचा तत्त्वज्ञान विभाग इंग्रजी बोलणाऱ्या जगातल्या अगदी वरच्या विभागांत गणला जातो, आणि आम्हाला त्याच्यापासून वीस मिनिटांवर राहून हे ठाऊक नव्हतं! क्लासिक्सचा स्वतंत्र विभाग आहे. इन-स्टेट, म्हणजे राज्यातल्या रहिवाशांसाठीचा, खर्च राहण्याखाण्यासकट महागड्या खासगी कॉलेजांच्या निम्म्याहून कमी. लेक तिथे एका लॅटिनच्या वर्गात मागे बसून आली आणि गाडीत बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "इथे मी येऊ शकते." त्या दिवसापासून आमच्याकडे सेफ्टीची व्याख्या बदलली. प्रवेश जवळजवळ नक्की, पैसे नक्की, विषय जिवंत, आणि मुलगी तोंड न पाडता जाईल. यातली एक गोष्ट जरी नसली तरी ती सेफ्टी नव्हे.

थोडकी उत्तरं उरलेल्या प्रश्नांची. अर्ली डिसिजन, म्हणजे एकाच कॉलेजला लवकर अर्ज करून 'मिळालं तर येईनच' असं कबूल करणं, आम्ही केलं नाही. ते बांधून घेतं, आणि मदत कमी पडली तर सुटका होत असली तरी चार कॉलेजांची पत्रं शेजारी ठेवून तुलना करता येत नाही. कॉमन अ‍ॅप या सामायिक अर्जावर वीस कॉलेजं भरता येतात म्हणून वीस भरू नका, अनेकांचे निबंध वेगळे असतात आणि बाराव्या कॉलेजच्या निबंधात थकवा दिसतो. "हिस्टरीतून आत शिरून मग कम्प्युटर सायन्सला उडी मारू" असं कुणी सुचवलं तर हसून सोडून द्या, ती खिडकी बऱ्याच युनिव्हर्सिट्यांनी कधीच बंद केली.

शेवटची यादी नऊ नावांची झाली. एप्रिलमध्ये स्वयंपाकघरातल्या टेबलावर पाच पत्रं होती आणि चार वर्षांची बेरीज लेकीनंच मांडली. एका छोट्या खासगी कॉलेजचं मेरिट धरूनही रटगर्सपेक्षा वर्षाला अकरा हजार जास्त पडत होते. "अकरा हजारांत काय जास्त मिळतं?" असं तिनं स्वतःलाच विचारलं, आठ दिवस घेतले, त्या कॉलेजच्या प्राध्यापिकेशी फोनवर बोलली, आणि आमच्या आकड्यात बसत होतं म्हणून ते छोटं कॉलेज निवडलं. रटगर्सला नाही कळवताना मात्र ती रडली.