काजू कारखान्यासाठी सीएमईजीपीचं कर्ज: माझा अनुभव

आमचं युनिट कुडाळ तालुक्यात आहे, रोज 100 किलो काजू बी फोडण्याइतकं. पैसा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमातून उभा केला. बँकेत याला सीएमईजीपी म्हणतात. ही योजना 2019 पासून आहे. सिंधुदुर्गात, तसंच आजरा-चंदगडकडे या धंद्यात उतरू पाहणारी पोरं खूप आहेत, आणि बहुतेकांचं गाडं एकाच ठिकाणी अडतं. यंत्रं येतात, पण वर्षभर पुरेल एवढी बी घ्यायला पैसा नसतो. म्हणून आधी हिशेबाचंच लिहितो.

आमचा प्रकल्प 20 लाखांचा. यंत्रं 11 लाख, शेड 3 लाख, खेळतं भांडवल 6 लाख. आमच्या अर्जाच्या वेळी इमारतीवर 20 टक्क्यांपेक्षा आणि खेळत्या भांडवलावर 30 टक्क्यांपेक्षा जास्त धरता येत नव्हतं. जमिनीची किंमत तर धरतच नाहीत. अर्ज बहिणीच्या नावाने केला, कारण ग्रामीण भागातल्या महिलेला अनुदान 35 टक्के आणि स्वतःचा वाटा फक्त 5 टक्के. खुल्या गटातल्या पुरुषाला गावात 25 टक्के, शहरात 15 टक्के, आणि स्वतःचा वाटा 10 टक्के. म्हणजे आमचे 1 लाख, अनुदान 7 लाख, बँकेचे 12 लाख. मात्र धंदा खरोखर तिनेच चालवायला हवा. बँकेत प्रश्न तिलाच विचारतात, सहीही तिचीच लागते.

आता बीचं गणित. रोज 100 किलो, वर्षाचे 240 दिवस, म्हणजे 24 टन. किलोला 130 रुपये दर धरला तर 31 लाख 20 हजार होतात. हातात 6 लाख. त्यात साधारण 4,600 किलो बी येते, म्हणजे 46 दिवसांचं काम. बी तर गावात फेब्रुवारीअखेरपासून मेपर्यंतच मिळते. त्यानंतर घ्यायची तर व्यापाऱ्याच्या दराने.

यावर आम्हाला तीन वाटा सापडल्या. पहिली म्हणजे बँकेकडे मुदत कर्जासोबतच वेगळी कॅश क्रेडिट मर्यादा (लागेल तसे पैसे उचलायची आणि भरायची सोय) मागणं, तीही प्रकल्प अहवालात महिनावार साठ्याचा तक्ता जोडून. हा तक्ता नव्हता म्हणून आमचा पहिला अहवाल शाखेतून परत आला. व्यवस्थापकांनी विचारलं, "ऑगस्टमध्ये बी कुठून आणणार?" प्रश्न रास्त होता. दुसरी वाट मजुरीवर काम करण्याची. बी बागायतदाराची, फोडणं-सोलणं आपलं, पैसे किलोवर. नफा कमी, पण पावसाळ्यात बायकांचं काम बंद पडत नाही. तिसरी वाट बाजार समितीमार्फत चालणाऱ्या शेतमाल तारण कर्जाची. शेतकरी बी गोदामात ठेवून 6 टक्के व्याजाने 180 दिवसांसाठी कर्ज घेतो आणि आपण ठरल्याप्रमाणे थोडा थोडा माल उचलतो. हे कर्ज फक्त शेतकऱ्याला मिळतं, आपल्याला नाही. त्यामुळे व्यवहार ओळखीच्या बागायतदारांशीच जमतो.

कागदपत्रांचं फार काही नाही. आधार, रहिवासी दाखला, शाळेचा दाखला (10 लाखांवरच्या प्रकल्पाला सातवी पास लागतं), ग्रामपंचायतीचा लोकसंख्येचा दाखला, जागेचा उतारा किंवा भाडेकरार, यंत्रांची जीएसटी क्रमांक असलेली दरपत्रकं. अर्ज ऑनलाइन भरायचा, जिल्हा उद्योग केंद्र छाननी करतं, मग प्रस्ताव बँकेत जातो. दरपत्रकावरचं यंत्राचं नाव आणि अहवालातलं नाव एकच ठेवा. एकीकडे कटर आणि दुसरीकडे शेलिंग मशीन लिहिलं, एवढ्यावरून आमची फाईल तीन आठवडे पडून राहिली. वीजभारही आधी पाहा. थ्री फेज जोडणी नसेल तर महावितरणकडे अर्ज त्याच आठवड्यात टाका. मंजुरीनंतर उद्योजकता प्रशिक्षण सक्तीचं असतं, उत्पादन उद्योगाला दोन आठवडे. ते झाल्याशिवाय अनुदानाचा दावा पुढे सरकत नाही.

अनुदान हातात येतं असं समजून कोणी उधारी करू नये. ती रक्कम बँकेत 3 वर्षं मुदत ठेवीत राहते आणि खातं नीट चाललं तरच शेवटी कर्जात वळती होते. हप्ते थकले तर ती गमावण्याची पाळी येते.

यंत्रांमध्ये पैसा वाचवायचा तर कटरवर वाचवा, बोरम्यावर (गर वाळवायच्या भट्टीवर) नको. वाफवलेली बी रात्रभर निवू द्यावी लागते. गरम फोडली की गर तुटतो. फोडलेला गर बोरम्यात 60 ते 70 अंशांवर सहा ते आठ तास वाळवायचा. उष्णता सगळीकडे सारखी नसेल तर एका ट्रेमधल्या गराची साल सुटत नाही आणि दुसऱ्यातला करपतो. अख्खा गर आणि पाकळी (दुभंगलेला गर) यांच्या दरातला फरक हाच या धंद्याचा नफा. 100 किलो बीतून 25 किलोच्या आसपास गर निघतो. वेंगुर्ला फळ संशोधन केंद्राच्या वेंगुर्ला-4 आणि वेंगुर्ला-7 या जातींची बी असेल तर उतारा चांगला आणि गर मोठा. डब्ल्यू-240 ही अख्ख्या गराची प्रत, म्हणजे एका पौंडात, 454 ग्रॅममध्ये, जास्तीत जास्त 240 गर. खरेदीच्या वेळी पोत्यातली मूठभर बी जागेवरच कापून बघा. ओली बी स्वस्त वाटते, पण साठवली की गर काळा पडतो. दोन-तीन उन्हं दिल्याशिवाय पोतं बांधूच नये.

आमच्याकडे आठ जणी कामाला आहेत, आणि बारावी झालेली दोन मुलं ग्रेडिंग आणि विक्री बघतात. टरफलाच्या तेलाने हात पोळतात, म्हणून हातमोजे आणि खोबरेल रोजच्या खर्चात धरा. अहवालात ही ओळ नसतेच.

अर्ज ऑगस्टमध्येच टाका. छाननी, बँक, प्रशिक्षण, यंत्रांची जुळणी यात पाच-सहा महिने सहज जातात. पैसा जानेवारीअखेर आला तर बी गावच्या दराने मिळते. जूनमध्ये आला तर हप्ते सुरू होतात आणि बोरमा पुढच्या मोसमापर्यंत थंड राहतो.