काकूंचा फायनल प्लॉट

बडोद्याच्या पश्चिमेला वासणा-भायली रस्त्याने कालवा ओलांडला की शेती कुठे संपली आणि फ्लॅटची स्कीम कुठे सुरू झाली, ते कळेनासं होतं. एका बाजूला एरंडी उभी, दुसऱ्या बाजूला टॉवरच्या सॅम्पल फ्लॅटची पाटी. भायली, सेवासी, बिल, वेमाली, उंडेरा, करोडिया, वडदला ही सात गावं २०२० साली महानगरपालिकेत आली. आता पाळी आहे त्यांच्या पलीकडच्या गावांची. मी खासगी सर्व्हेयर. माझं निम्मं काम या टीपी, म्हणजे टाउन प्लॅनिंग, स्कीमांचंच असतं.

गुजरातबाहेरच्या लोकांना टीपी समजावून सांगावी लागते. रस्ता काढायचा म्हणून एकाचीच जमीन गेली आणि शेजारी बसल्या जागी करोडपती झाला, असं इथे सहसा होत नाही. १९७६च्या कायद्याप्रमाणे सगळ्यांच्या जमिनी नकाशावर एकत्र करतात. त्यातून साधारण ४० टक्के काढतात. कायद्यातला हिशेब असा: रस्त्यांना १५, बागा-मैदानांना ५, शाळा-दवाखान्यांना ५ आणि खर्च भागवायला विकण्यासाठी १५. उरलेली ६० टक्के चौकोनी करून ज्याची त्याला परत. जुना तुकडा तो ओपी (ओरिजिनल प्लॉट), नवा तो एफपी (फायनल प्लॉट). मला ही पद्धत आवडते. नाल्यासारखी वाकडीतिकडी, वाट नसलेली शेतं रस्त्यावर येतात आणि कोणी पार नागवला जात नाही.

गेल्या हिवाळ्यात अशाच एका गावात ओनर्स मीटिंग होती. गावाचं नाव लिहीत नाही, प्रकरण चालू आहे. शाळेच्या वर्गात भिंतीवर रंगीत नकाशा, बाकांवर शेतकरी, दाराशी दलाल. मला दांडिया बाजारातल्या एका काकूंनी सोबत नेलं होतं. सासऱ्यांनी गायकवाडीत नोकरी करून घेतलेली हेक्टरभर जमीन, सातबारावर आता त्यांचं नाव. वय पंचाहत्तरच्या पुढे, पण नकाशा बघायला चष्मा पुसून अगदी भिंतीला नाक लावून उभ्या राहिल्या.

पुतण्या खुशीत होता. दहा हजार चौरस मीटरचे सहा हजार होणार, पण ते चोवीस मीटरच्या रस्त्यावर. दलालाने तर तिथेच हळूच सांगितलं, "मासी, बानाखत करून टाका, भाव चांगला आहे." बानाखत म्हणजे विक्रीचा करार.

काकू म्हणाल्या, "आधी जागा दाखव. हा रंगवलेला चौकोन मला काय सांगणार?"

त्यांचं मूळ शेत गावठाणालगत, उंचवट्यावर. एफपी मात्र अर्धा किलोमीटर पश्चिमेला सरकला होता. टीपीत असं सरकतं, त्यात काही गैर नाही. आम्ही गाडी ठेवून तुरीच्या बांधावरून चालत गेलो. काळी माती भेगाळलेली. मी जीपीएसवर कोपरे शोधत होतो तोवर काकू खाली वाकल्या आणि मूठभर काहीतरी उचलून माझ्यासमोर धरलं. पांढरे, बोटाच्या पेराएवढे शंख. गोगलगायींचे.

"अरे, हे तुरीत कुठून आले?"

पुढे गांडा बावळीचं, म्हणजे वेड्या बाभळीचं, बेट होतं. त्याच्या फांद्यांत प्लॅस्टिकच्या चिंध्या आणि वाळलेलं गवत अडकलेलं, सगळं एकाच पातळीत, माझ्या छातीएवढ्या उंचीवर. सरळ दोरी धरून बांधल्यासारखी रेघ.

बडोदेकराला यापुढे सांगावं लागत नाही: इथे पुराचं पाणी येतं. ऑगस्ट २०२४मध्ये शहरातली विश्वामित्री नदी ३७ फुटांवर गेली होती, धोक्याची पातळी २६. आजवा तलाव आणि नदीतल्या मगरी यांची चर्चा तेव्हा खूप झाली. पण नदीइतकंच पाणी शहरात फिरवतात ते कांस, म्हणजे पावसाचं पाणी वाहून नेणारे ओहोळ. भूखी कांस, मसिया कांस, रूपारेल कांस ही नावं पावसाळ्यात तरी ऐकू येतात. बिननावाचे किती असतील! सरकारी खराब्यातून जाणारा कांस गावनकाशावर निदान रेघ म्हणून दिसतो. खासगी शेतातून जाणारा नुसता उतार असतो. त्याला सर्व्हे नंबर नसतो, म्हणून तो नकाशावरही नसतो.

मी ऑटो लेव्हल, म्हणजे जमिनीची उंची मोजायचं यंत्र, लावलं. शेजारच्या स्कीमचा डांबरी रस्ता आणि काकूंचा एफपी यांत १.६ मीटरचा फरक निघाला. तिथल्या बिल्डरने आधी भराव टाकला, मग रस्ता वर गेला. आता इथेही तेच करायचं तर सहा हजार गुणिले १.६ म्हणजे ९,६०० घनमीटर माती. दहा घनमीटरचा डंपर धरला तरी हजाराच्या आसपास खेपा. पुतण्याने मोबाईलवर गुणाकार करून बघितला आणि मोबाईल खिशात टाकला.

काकूंचा प्रश्न वेगळाच होता. "आपण भरलं तर हे पाणी कुठे जाईल?"

"पुढच्याच्या शेतात."

"मग तो भरणार. पुढे?"

मी गप्प बसलो. पुढे मूळ गावाची खालची वस्ती होती.

दलालाचं म्हणणं पडलं की यात काय, भाव रस्त्याला असतो, खोलीला नाही. बाजाराच्या दृष्टीने तो खोटं बोलत नव्हता. फॉर्म एफ उघडून बघा. जुनं क्षेत्र, नवं क्षेत्र, आधीची किंमत, नंतरची किंमत, वाढीतला किती वाटा भरायचा, सगळे रकाने आहेत. लेव्हलचा रकाना नाही.

स्कीमचा मसुदा प्रसिद्ध झाल्यावर वांधा अर्जी, म्हणजे हरकतीचा अर्ज, द्यायला महिन्याची मुदत असते. काकूंची अर्जी मीच बनवली. मागणी प्लॉट उंचावर द्या अशी नव्हती. तसं सगळेच मागतात. बाग-मैदानाचे ५ टक्के नकाशात गावाजवळच्या उंच जागी ठेवलेत, ते या उताराच्या पट्ट्यावर आणा, म्हणजे पावसाळ्यात मैदानात पाणी साचलं तरी कोणाचं घर बुडणार नाही, आणि उंच जागेत प्लॉट पाडा, एवढंच. सोबत लेव्हलचा तक्ता आणि बावळीचे फोटो जोडले. शंखांचाही एक फोटो लावा, असा काकूंचा हट्ट. लावला.

सुनावणीला अधिकाऱ्याने तक्ता नीट पाहिला, दोन प्रश्नही विचारले. विरोध मात्र भलतीकडून आला. नकाशातल्या बागेसमोर ज्याचा एफपी पडला होता, तो शेतकरी उभा राहिला. बाग हलली तर त्याचा सौदा मोडणार होता. ‘गार्डन फेसिंग’ म्हणून त्याने चढ्या भावाने बानाखत करून टोकनही घेतलं होतं. काकू त्याच्याकडे वळून म्हणाल्या, "भाई, तुमचं जुनं शेत माझ्या नव्या प्लॉटच्या खालच्या अंगालाच ना? तिथे पाणी कधी शिरलं नाही?"

"शिरतंच," तो म्हणाला. "पण मासी, ते शेत आता माझं कुठे राहिलं?"