पोकेमॉनमधले डॅमेज बूस्ट: कुठे बेरीज होते, कुठे गुणाकार

पोकेमॉनच्या बॅटलमध्ये बऱ्याच जणांचं एकच चालू असतं, स्वॉर्ड्स डान्स (स्वतःचा अटॅक वाढवणारी मूव्ह) मारा, परत मारा, अजून एकदा मारा आणि मग हल्ला करा. मला ते खरंच बघवत नाही. पहिल्या स्वॉर्ड्स डान्सने अटॅक दुप्पट होतो, दुसऱ्याने चौपट नाही होत, तिप्पटच होतो, तिसऱ्याने चौपट आणि तिथे लिमिट संपली, कारण अटॅक वाढण्याच्या या पायऱ्यांची, म्हणजे स्टेजची, आपापसात बेरीज होते. म्हणजे दुसऱ्या टर्नला आहे त्या ताकदीत 50 टक्के भर, तिसऱ्याला 33च, आणि तोवर समोरचा काय गप्प बसणारे का?

वेगवेगळ्या ठिकाणाहून आलेले बूस्ट मात्र एकमेकांना गुणतात आणि खरी मजा तिथेच आहे!! स्वॉर्ड अँड शील्डमधली डबल्सची (दोन विरुद्ध दोन) जोडी घ्या, टॉर्कोल आणि सोलर पॉवर ही अंगभूत क्षमता असलेला चारिझार्ड. टॉर्कोल मैदानात आल्याआल्या ऊन पडतं, फायर मूव्ह 1.5 पट, चारिझार्ड स्वतः फायर टाइपचा म्हणून स्टॅबचे (पोकेमॉन आणि मूव्हचा टाइप एकच असला की मिळणारा बूस्ट) 1.5, उन्हात सोलर पॉवरने स्पेशल अटॅक अजून 1.5 पट. झाले जवळपास 3.4 पट, आणि बूस्टसाठी एकही टर्न गेली नाही. समोर फेरोथॉर्न असेल, ग्रास आणि स्टील दोन्ही, तर फायर 4 पट लागते म्हणजे 13.5 पट, वर लाइफ ऑर्बचे (पोकेमॉनकडे द्यायची बूस्टची वस्तू) 1.3 धरले तर साडेसतरा पटीच्या पुढे. फक्त हीट वेव्ह ही फायर मूव्ह समोरच्या दोघांना लागत असेल तर 0.75 ने गुणायचं. आणि सोलर पॉवर दर टर्नला एक अष्टमांश एचपी (जीव) खाते, लाइफ ऑर्ब प्रत्येक हल्ल्याला एक दशांश, त्यामुळे चारिझार्डकडून काम पटकन उरकून घ्यायचं.

सगळंच गुणलं जातं असंही नाही हां. अ‍ॅडॅप्टेबिलिटी ही क्षमता स्टॅबवर चढत नाही, 1.5 च्या जागी 2 येतात एवढंच. क्रिटिकल (नशिबाने जास्त जोरात लागणारा हल्ला) एक्स-वाय या गेम्सपासून (2013) 1.5 पट झाला, आधी 2 होता, पण तो समोरच्याने वाढवलेला डिफेन्स धरतच नाही म्हणून मला अजूनही भारी वाटतो.

शेवटी गेम स्वतःच 85 ते 100 टक्क्यांमधला एक आकडा काढून गुणते. मी हिशोब कायम 85 धरून करतो, त्यात समोरचा पडत असेल तरच मूव्ह दाबतो, नाहीतर ती टर्न प्रोटेक्ट (समोरचा हल्ला अडवणारी मूव्ह).