फक्त ऐकणारा डबा

न्यूयॉर्क राज्यातल्या थ्रूवे महामार्गावर, यूटिका शहराच्या अलीकडे आरशात लाल-निळे दिवे दिसले, तेव्हा पहिल्यांदा काटा बघितला. वेग बरोबर होता. गाडी कडेला घेतली, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. ट्रूपर, म्हणजे राज्य पोलीस, म्हणाला, उजवीकडचा मागचा दिवा गेलाय. मला हायसं वाटलं. मग त्याची नजर डॅशबोर्डखाली अडकवलेल्या माइकवर गेली आणि तिथून शेजारच्या सीटवर.

"सर, हे काय आहे?"

माझं काम शाळेच्या बसमधले आणि बर्फ काढणाऱ्या गाड्यांमधले रेडिओ दुरुस्त करण्याचं. माइक मात्र माझा स्वतःचा, हॅम म्हणजे हौशी रेडिओच्या सेटचा. पुण्यात परवाना काढताना पोलीस पडताळणी झाली होती आणि परवान्याशिवाय सेट घरात ठेवणंही गुन्हा होता. इथे ३५ प्रश्नांची परीक्षा, २६ बरोबर आले की झालं. त्यामुळे इथे सगळं सैल आहे असा माझा समज होता. न्यूयॉर्कच्या वाहन कायद्यातलं कलम ३९७ वाचेपर्यंत.

पोलिसांच्या फ्रिक्वेन्सी ऐकू शकेल असा रिसीव्हर परवानगीवाचून गाडीत बसवला, तर हजार डॉलरपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. तुम्ही काय ऐकलंत हा प्रश्नच नाही, यंत्राला काय ऐकू येऊ शकतं ते बघायचं. हॅमचा एक पट्टा १४४ ते १४८ मेगाहर्ट्झ. राज्य पोलीस १५५च्या आसपास बोलतात. आजचा जवळजवळ प्रत्येक सेट तिथपर्यंत सहज पोचतो. कलमात हॅमवाल्यांना सूट आहे, पण ती फक्त हॅमसाठी राखलेल्या फ्रिक्वेन्सींपुरती. ती फट १९९३ मध्ये केंद्रीय दूरसंचार आयोगाने बुजवली: केवळ हॅमच्या पट्ट्याबाहेरचं ऐकू येतं म्हणून परवानाधारकाच्या ट्रान्सीव्हरवर, म्हणजे ऐकणाऱ्या आणि पाठवणाऱ्याही सेटवर, राज्याला बंदी घालता येणार नाही. त्या आदेशाची प्रत माझ्या गाडीच्या कप्प्यात कायम असते.

ती मी, खरं सांगायचं तर जरा ऐटीतच, परवान्यासोबत पुढे केली.

ट्रूपर तरुण होता. थंडीत उभं राहून त्याने ओळीखाली बोट धरून वाचलं. माइककडे बघून मान हलवली. मग सीटवरचा काळा डबा दाखवून म्हणाला, "इथे ट्रान्सीव्हर लिहिलंय. हा पाठवतो का?"

शंभर वेळा वाचलेला कागद आणि हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. तो डबा म्हणजे गिऱ्हाइकाचा स्कॅनर, फक्त ऐकणारा. दुकानाच्या मालकाने सकाळी "जाता जाता आवाज तपासून घे" म्हणून हातात दिलेला. आदेशात तो बसत नव्हता, कलमातल्या सवलतीतही नाही. गावाच्या पंचायतीकडून परवानगी घ्यायची सोय कायद्यात आहे, पण ती ना माझ्याकडे, ना मालकाकडे.

"नाही," मी म्हणालो. "फक्त ऐकतो."

त्याने चालू करायला सांगितलं. मी मागचं झाकण उघडून दाखवलं: सेल नव्हते. दुरुस्तीची चिठ्ठी रबरबँडने बांधलेली होती, ती त्याने दोनदा वाचली. मालकाला फोन लावला, उचलला नाही. ट्रूपर परवाना, आदेश आणि चिठ्ठी घेऊन आपल्या गाडीत जाऊन बसला. वीस मिनिटं मी ट्रक मोजले. सीटवर ठेवलेला डबा गाडीत 'बसवलेला' धरायचा का, याचा विचार करत होतो. पण हा प्रश्न आपण होऊन विचारण्याइतका मी भोळा नाही. खिशातल्या फोनवर हेच पोलिसांचं बोलणं ॲपमधून कोणीही ऐकतं, हेही गिळलं.

तो परत आला. दिव्याचं तेवढं चलन. "डबा डिकीत ठेवा. आणि सर, या कागदाची एक प्रत आम्हाला पण द्या."

शुक्रवारी गिऱ्हाईक स्कॅनर न्यायला आलं. सत्तरीचे गृहस्थ, अग्निशमन दलातून निवृत्त. रात्री झोप लागत नाही म्हणून स्वयंपाकघरात ऐकत बसतात. घरात ऐकण्यावर या कलमाचं काही म्हणणं नाही. नवे सेल घालून द्यावेत असं त्यांनी सांगितलं.

"कसे आलात?" मी विचारलं.

"गाडीने. का?"

मी सेल वेगळ्या पिशवीत घालून त्यांच्या कोटाच्या खिशात ठेवले आणि डबा स्वतः नेऊन डिकीत ठेवला.