परतावा मिळाला, पण आभार कोणाचे मानायचे?

दिवाळीच्या सेलमध्ये घेतलेला गेम माझ्या लॅपटॉपवर एकदाही धड चालला नाही. ‘शेडर तयार होत आहेत’ (शेडर म्हणजे गेमची दृश्यं रंगवणारे छोटे प्रोग्राम) अशी पट्टी सरकत राहायची, निम्म्यावर आली की स्क्रीन काळी आणि गेम बंद. ड्रायव्हर अपडेट केला, सेटिंग्ज अगदी खाली आणल्या, गेम काढून पुन्हा टाकला. काही फरक पडला नाही.

ज्या ऑनलाइन दुकानातून घेतला तिथे रिफंडचा अर्ज केला, तर लगेच ठरावीक साच्यातलं उत्तर आलं: खेळण्याची वेळ मर्यादेबाहेर गेली आहे, पैसे परत मिळणार नाहीत. म्हणजे त्या पट्टीकडे बघत बसण्यात गेलेला वेळही दुकानाच्या लेखी खेळच! गेमचा मेनूसुद्धा मी पाहिला नव्हता. कागदोपत्री मात्र माझे तास भरले होते.

बँकेकडे तक्रार करून पैसे वळते करून घ्यावेत असं वाटलं, पण धीर झाला नाही. ‘फोर्टनाइट’वाल्या एपिक गेम्सवर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने जी कारवाई केली, त्यात हाही आरोप होता, की बँकेमार्फत पैसे मागणाऱ्यांची खातीच कंपनीने बंद केली. डिसेंबर २०२२ मध्ये २४.५ कोटी डॉलर भरायला कंपनी तयार झाली. माझं खातं असं बंद झालं असतं तर आधी घेतलेले सगळे गेमही गेले असते.

मग आपल्याकडचे २०२० चे ई-कॉमर्स नियम काढून वाचले. त्यात डिजिटल वस्तू येतात, भारतात नियमित विक्री करणाऱ्या परदेशी कंपन्याही येतात. तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढायची, असं स्पष्ट लिहिलंय. त्याच अधिकाऱ्याच्या नावे मेल पाठवला. सोबत बिल, यूपीआयचा व्यवहार क्रमांक, क्रॅशचा लॉग (गेम बंद पडल्याची संगणकातली नोंद) आणि पट्टी अडकल्याचं स्क्रीन रेकॉर्डिंग जोडलं. दाद न मिळाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे जाईन, हेही लिहिलं.

या वेळी उत्तर माणसाने लिहिलेलं होतं. रिफंड मंजूर झाला, पण दुकानाच्या वॉलेटमध्ये. वॉलेटमधले पैसे त्याच दुकानात खर्च करावे लागतात, त्याला मी परतावा मानत नाही. पुन्हा मेलामेली झाली, तेव्हा कुठे रक्कम बँकेत जमा झाली.

मित्र म्हणाले, ‘कंपनी चांगली आहे रे, पैसे दिले शेवटी.’ हे मला अजिबात पटत नाही. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानाचंच घ्या. ऑस्ट्रेलियाच्या ग्राहक आयोगाने त्याची मालक कंपनी व्हॉल्व्हला २०१४ मध्ये कोर्टात खेचलं. तो खटला चालू असतानाच, जून २०१५ मध्ये, चौदा दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर कारण काहीही असो, पैसे परत, हे धोरण आलं. परताव्याच्या हक्काबद्दल ग्राहकांची दिशाभूल केल्याचा निकाल लागून पुढे ३० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर दंडही झाला. धोरण चांगलंच आहे, पण आधी आभार मानायचे ते आयोगाचे आणि तक्रार करणाऱ्या ग्राहकांचे.

सोनीने २०२४ मध्ये ‘कॉन्कॉर्ड’ हा गेम आल्यापासून दोन आठवड्यांत बंद केला आणि सगळ्यांचे पैसे परत केले. कोणाला भांडावं लागलं नाही, म्हणून ते बरं वाटलं. तरी बंद पडलेल्या गेमचे पैसे ठेवून घ्यायला कोणत्या तोंडाने गेले असते?

माझा लॉग उघडून वाचणाऱ्या त्या कर्मचाऱ्याचे मात्र मी मनापासून आभार मानले. त्याच मेलमध्ये दुकानाकडे मागणी केली, की शेडर तयार होण्याचा वेळ खेळण्याच्या वेळेत धरू नका. त्यावर अजून उत्तर आलेलं नाही.