जिफी पैशासाठी गेला म्हणे

परवा कर्वे रोडला चहा पिताना ग्रुपमध्ये विषय निघाला की हल्ली खेळाडूंना पैसा दिसला की देश-बिश काही दिसत नाही, आणि मी मध्येच जोनाथन डेव्हिसचं नाव काढलं. कोणालाच माहीत नव्हता, मग काय, सगळ्यांचा चहा गार होईपर्यंत मीच बोलत बसलो.

वेल्सच्या रग्बी टीमचा फ्लाय-हाफ, म्हणजे खेळ चालवणारा गडी, सगळे त्याला जिफी म्हणतात. त्रिमसरन नावाच्या खाणवाल्या गावातला पोरगा. १९८५ ला इंग्लंडविरुद्ध पहिली टेस्ट (देशाकडून मॅच) आणि त्यातच ट्राय, म्हणजे बॉल समोरच्यांच्या गोल-लाइनपलीकडे जमिनीवर टेकवणं. १९८८ ला वेल्सने ट्रिपल क्राउन मारला (इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंड तिघांनाही हरवलं) आणि त्याच वर्षी न्यूझीलंडमध्ये जाऊन ५२-३ आणि ५४-९ असा बेक्कार मार खाल्ला. जिफी परत येऊन म्हणाला, मला वेल्सच्या रग्बी संघटनेच्या वार्षिक सभेत बोलू द्या, नक्की कुठे गंडलंय ते सांगतो. नाही दिलं बोलू. डिसेंबरमध्ये तो कॅप्टन असताना कार्डिफला घरच्या ग्राउंडवर रोमानियाकडून हरले, आणि जानेवारी १९८९ ला हा उठून उत्तर इंग्लंडात विडनेस क्लबकडून रग्बी लीग खेळायला गेला. पैसा तगडा मिळाला हे खरंच आहे, पण नुसता पैसाच होता असं मला तरी वाटत नाही.

भानगड अशी की रग्बीचे दोन प्रकार, युनियन (वेल्सकडून खेळायचा तो) आणि लीग, आणि तेव्हा युनियन हौशी आणि लीग पगारी. १८९५ ला दोघं वेगळे झाले तेच मुळी मॅचसाठी कामगारांची बुडालेली मजुरी भरून द्यायची का नाही यावरून. त्यामुळे लीगचा पैसा घेतला की युनियनचे दरवाजे जन्मभर बंद. आपल्याकडे कबड्डीवाल्याला रेल्वेत नाहीतर बँकेत नोकरी लागली की घरचे पेढे वाटतात, आणि तिकडे हा गद्दार!

लीगमध्ये १३ जण, लाइनआउट (बाहेर गेलेला बॉल दोन रांगांच्या मधून आत टाकणं) नाही, सहा टॅकल झाले, म्हणजे बॉलवाल्याला सहादा पकडून पाडलं, की बॉल समोरच्याला. हा अंगाने बारीक, तिथले धिप्पाड गडी याला चेपणार असंच वाटायचं. पण त्याच वर्षी विडनेसने वर्ल्ड क्लब चॅलेंजमध्ये ऑस्ट्रेलियाच्या कॅनबेरा क्लबला ३०-१८ हरवलं, त्यात याचा पण ट्राय.

आणि १९९४ चं लंडनमधलं वेम्बली स्टेडियम! लीगचीच मॅच, जिफी ग्रेट ब्रिटनकडून, समोर ऑस्ट्रेलिया, त्याच्याच टीममधल्या शॉन एडवर्ड्सला हाय टॅकलसाठी (खांद्याच्या वर पकडल्याबद्दल) बाहेर काढलेलं, ग्रेट ब्रिटनचे १२ च उरलेले. जिफीला बॉल मिळतो, गॅप दिसते, हा सुटतो, ऑस्ट्रेलियाचा सगळ्यात मागचा गडी, फुलबॅक ब्रेट मलिन्स आडवा येतोय तर हा त्याच्या बाहेरून निघतो आणि उजव्या कोपऱ्यात सूर मारतो. वय जवळपास ३२. मॅच ८-४ ने जिंकले. यूट्यूबवर बघाच, मी तर येता-जाता बघतो.

१९९५ ला युनियननेच पैसे द्यायला सुरुवात केली, मग कार्डिफने याला परत घेतलं. वेल्सकडून अजून ५ टेस्ट खेळला, एकूण ३२, पण ऐन उमेदीची वर्षं तिकडेच गेली होती.

आणि तो बाहेर काढलेला शॉन एडवर्ड्स, पक्का लीगवाला, २००८ पासून २०१९ पर्यंत वेल्सच्या युनियन टीमचा डिफेन्स कोच होता. पगार घेऊन, अर्थातच.