ग्रेटना ग्रीनच्या लोहारशाळेत आमचं लग्न

स्कॉटलंडच्या सीमेवरच्या लोहारशाळेत लग्न करतोय म्हटल्यावर आईने विचारलं, "पळून चाललायत का?" शंका रास्त होती. १७५४ पासून इंग्लंडात एकविशीच्या आत आईबापांच्या संमतीशिवाय लग्न होईना. स्कॉटलंडात मात्र दोन साक्षीदारांपुढे 'आम्ही नवरा-बायको' म्हटलं की काम झालं. सीमा ओलांडताच लागणारं गाव ग्रेटना ग्रीन, म्हणून जोडपी घोडागाड्या पिटाळत इथे यायची. लोहारशाळेत ऐरणीपाशी लग्नं लावणारा तो 'ऐरण-भटजी'; रिचर्ड रेनिसन या एकट्या भटजीने ५,१४७ लग्नं लावली! १९४० मध्ये हा प्रकार कायद्याने बंद झाला.

आता मात्र सगळा खेळ कागदांचा. एम-१० फॉर्म, म्हणजे लग्नाची नोटीस, दोघांनी वेगवेगळा भरायचा. तो लग्नाआधी तीन महिन्यांच्या आत, पण किमान २९ दिवस आधी रजिस्ट्रारकडे पोचायला हवा. आमचे पासपोर्ट भारतीय, त्यामुळे इमिग्रेशनचं घोषणापत्रही जोडलं. ब्रिटनच्या गृहखात्याने चौकशी काढली तर मुदत ७० दिवसांवर जाऊ शकते, तेव्हा वऱ्हाडाची विमानतिकिटं घाईने काढू नका.

खरा घाम फोडला जन्मदाखल्याने. माझी नोंद बारशाच्या आधीची, नावाचा रकाना कोरा! भाऊ शाळा सोडल्याचा दाखला घेऊन नगरपालिकेत खेटे घालत राहिला; कधी साहेब रजेवर, कधी रजिस्टर सापडेना. नवऱ्याचा दाखला निव्वळ मराठीत, म्हणून त्याचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर करून घेतलं. तुमचा दाखला आजच काढून बघा, फॉर्म नंतर.

लोहारशाळा १७१३ च्या सुमाराची, बुटकी आणि पांढरी. १८८७ पासून ती लोकांना बघायला खुली आहे, आणि आत लग्नंही लागतात. पर्यटकांची गर्दी असते. ज्यांना खासगीपण हवं त्यांनी विचार करावा. मला ते आवडलं, आपल्याकडे तरी लग्नात अनोळखी माणसं कुठे कमी असतात! विधी आटोपशीर. ऐरणीवर हातोडा पडला, सासूबाई दचकल्या. कायद्याच्या लेखी त्या ठोक्याला किंमत शून्य. विवाहपत्रावर आम्ही, विधी लावणारे अधिकारी आणि दोन साक्षीदारांनी सह्या केल्या, तेच लग्न. साक्षीदार सोळा वर्षांवरचे कुणीही चालतात.

प्रमाणपत्राच्या जादा प्रती लगेच मागवा. एकीवर अपोस्टिलचा, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून मिळणारा, शिक्काही घेऊन ठेवा, भारतातल्या कामांसाठी तो मागतात.